शाळेच्या आवारातील कचरा व मुलांची सवय

(तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आजच्या परिषदेत सकाळपासून आपण भाषा व गणित ह्या विषयांवर पुष्कळ विचार केला. आता दुपारच्या जेवणानंतर मी कचऱ्यासारख्या विषयावर बोलावयास उभा राहिलो आहे, ह्याबद्दल प्रथमच आपली क्षमा मागतो. तथापि हा विषय मी सहज म्हणून निवडलेला नाही. आयुष्याची एकतीस वर्षे मी खेड्यांतील शाळांतून शिकविले. मुलांना पाढे शिकविणे मला जितके अवघड गेले नाही, तितके हातातील कागदाचा कपटा योग्य जागी टाकावयास शिकविणे अवघड गेले. त्या खटपटीत माझ्या हातून एक मोठी चूकही घडली. ती चूक आपणांपैकी कोणाच्या हातून पुन्हा घडू नये, हा माझ्या बोलण्याचा मुख्य हेतू आहे. तिच्याकडे मी ओघाने येईन.

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली की आपण एकदा आपल्या आवारावरून दृष्टी फिरवावी. पाण्याच्या टाकीपाशी खिचडीची शिते सांडलेली असतात. झाडाखाली केळ्याच्या साली व शेंगांची टरफले पडलेली असतात. वर्गाच्या दाराशी वहीचे फाडलेले पान, पेन्सिलीचे छिलके, संपलेले रिफिल दिसते. आणि कुंपणाच्या कडेने वाऱ्याने लोटलेल्या चटपटीत खाऊच्या रिकाम्या पुड्या ओळीने अडकलेल्या दिसतात. आपण संतापतो आणि म्हणतो, “ह्या मुलांना काही वळणच नाही.” माझेही मत पूर्वी तेच होते. आज ते राहिलेले नाही.

मुलांचा दोष किती?

आपल्या आजीआजोबांच्या घरी कचरा म्हणून काय निघत असे, ह्याचा थोडा विचार करा. चुलीतील राख, भाजीचे देठ, गोठ्यातील शेण व उरलेला चारा, अंगणातील पाचोळा, फाटके धडोते, फुटके मडके. राख भांडी घासावयास जाई, धडोत्याची गोधडी होई, खापर कोठेतरी भरावास उपयोगी पडे, आणि बाकीचे सारे उकिरड्यात जाई. उन्हाळ्यात तो उकिरडा उपसून बैलगाड्या भरून शेतात पडे. म्हणजे गावात टाकून दिलेली अशी वस्तू फारशी नव्हतीच. पळसाची पत्रावळ जेवणानंतर जेथे टाकाल तेथे मातीस मिळे, किंवा गाईच्या तोंडी जाई.

अशा घरात वाढलेल्या माणसाने शेंग खाल्ली की टरफल तेथेच टाकले, ह्यात त्याचे काही चुकत नव्हते. माती ते खाऊन टाकीत होती. तीच सवय आईबापांकडून आजच्या मुलाकडे आली आहे. मूल तेच आहे, हात तोच आहे, टाकण्याची रीतही तीच आहे. हातातील वस्तू मात्र बदलली आहे. नवी वस्तू मातीला खाता येत नाही, हे त्या मुलाला कोणी दाखवूनच दिलेले नाही. आपण त्याला “कचरा करू नका” एवढेच सांगत आलो. वाईट सवय मोडण्यापेक्षा कालबाह्य झालेली चांगली सवय बदलणे हे अधिक नाजूक काम आहे, आणि ते रागावून होत नाही.

दाखवून देण्याचा एक सोपा प्रयोग मी अनेक वर्षे केला. जून महिन्यात शाळा उघडली की आवाराच्या एका कोपऱ्यात वीतभर खोल असे चार खड्डे मुलांकडून खणून घ्यावे. एकात केळ्याची साल, दुसऱ्यात वहीचा कागद, तिसऱ्यात सुती चिंधी व चौथ्यात खाऊची पुडी पुरावी. प्रत्येक ठिकाणी खुंटी रोवून तारीख लिहावी. दिवाळीच्या सुट्टीनंतर सर्व वर्गासमक्ष ते उकरावे. सालीचा मागमूस राहत नाही. कागद बहुधा सापडत नाही. चिंधीचे सूत बोटाने तुटते. आणि पुडी मातीतून निघते ती झटकताच पूर्वीसारखी चकाकू लागते. एका वर्षी तिसरीतल्या एका मुलीने त्या पुडीवरील किंमत मोठ्याने वाचून दाखविली, तेव्हा सारा वर्ग हसला व मग एकदम गप्प झाला. ह्या चार खड्ड्यांनी जे शिकविले, ते माझ्या दहा भाषणांनी शिकविले नव्हते.

कचऱ्याच्या दोन वाटा

ह्या प्रयोगावरून मुलांना एक गोष्ट समजते. टाकलेल्या वस्तूंना परत येण्याच्या दोन वाटा आहेत. एक मातीची वाट व दुसरी बाजाराची वाट. साल, देठ, पाचोळा, खरकटे, शेण ही मातीच्या वाटेने जातात व खत होऊन परततात. कोरडा कागद, पुठ्ठा, लोखंड, पत्रा, काच व पाण्याची बाटली ही रद्दीवाल्याच्या व भंगारवाल्याच्या हाती पडून कारखान्यात जातात व नवी वस्तू होऊन परततात. २०१६ सालच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला कचरा व सुका कचरा वेगळा करावयास सांगितला, त्यामागील तत्त्व हेच होय. दोन्ही एकत्र झाले की दोन्ही वाटा बंद होतात. खिचडीने भिजलेला कागद रद्दीवाला घेत नाही, आणि पुड्यांनी भरलेले खत शेतकरी घेत नाही. म्हणून वेगळे करणे ही पहिली सवय, व बाकीच्या सवयी तिच्या मागून येतात.

ह्या दोन्ही वाटांनी न जाणाऱ्याही काही वस्तू आहेत. खाऊच्या पुडीत प्लास्टिकचे व धातूचे अतिशय पातळ थर एकमेकांस चिकटविलेले असतात. ते वेगळे करणे कठीण व खर्चाचे असल्यामुळे भंगारवाला त्या पुड्यांकडे पाहतही नाही. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आली, व १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली. तथापि खाऊच्या ह्या पुड्या त्या बंदीत आल्या नाहीत. म्हणून त्यांच्याबाबत एकच उपाय आपल्या हाती राहतो, आणि तो म्हणजे त्या शाळेत कमी येऊ देणे. आम्ही आठवड्यातून एक दिवस घरून डबीत फुटाणे, शेंगदाणे व गुळाचा खडा आणावयाचा असे ठरविले. पहिले काही आठवडे मुलांनी तोंडे वाकडी केली. पुढे डब्यांची देवघेव सुरू झाली, आणि त्या गमतीसाठी मुलेच त्या दिवसाची वाट पाहू लागली. पुड्या पूर्णपणे बंद झाल्या असे मी म्हणत नाही. कुंपणाच्या कडेची ओळ मात्र विरळ झाली.

कंपोस्टाची परंपरा

आता मातीच्या वाटेविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्या शाळांतून निघणाऱ्या कचऱ्यात वजनाने मोठा वाटा ह्याच कचऱ्याचा असतो.

कंपोस्ट हा शब्द परका असला तरी त्याच्या शास्त्राचा एक मोठा अध्याय आपल्या देशातच लिहिला गेला. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आले. पुढे १९२४ ते १९३१ ह्या काळात इंदूर येथील संस्थेत त्यांनी शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख ह्यांचे थर देऊन, वेळोवेळी उलथापालथ करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची पद्धत बसविली. यशवंत वाड ह्यांच्यासह त्यांनी त्यावर १९३१ साली पुस्तक प्रसिद्ध केले. ती पद्धत इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. येथील शेतकऱ्यांच्या अनुभवापासून आपण पुष्कळ शिकलो, असे हॉवर्ड मोकळेपणाने मान्य करीत. १९३९ च्या सुमारास डॉ. सी. एन. आचार्य ह्यांनी बंगलोर येथे, वारंवार उलथापालथ न करता खड्ड्यात थर देऊन खत करण्याची दुसरी पद्धत सिद्ध केली. आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे ह्यांनी थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची जी पद्धत शोधली, ती त्यांच्या नावावरून नाडेप म्हणून शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे विटांचे टाके, हवा खेळावी म्हणून भिंतींत ठेवलेली भोके, आणि अवघे नव्वद ते शंभर किलो शेण. एवढ्यावर तीनचार महिन्यांत सुमारे तीन टन खत त्या टाक्यातून निघते. हा इतिहास मुलांना गोष्टीरूपाने अवश्य सांगावा. आपण करतो ते काम हलके नसून त्यासाठी विद्वानांनी आयुष्ये वेचली आहेत, हे त्यांना कळावे.

शाळेचा खड्डा

शाळेला दहा फुटांचे टाके नको. सहा फूट लांब, तीन फूट रुंद व तीन फूट खोल असे दोन खड्डे पुरेत. एक भरत असता दुसरा मुरत राहतो. जागा थोडी उंच व सावलीची असावी, विहिरीपासून व हातपंपापासून चांगली दूर असावी. कडेला काठ्यांचे किंवा बाभळीच्या फांद्यांचे कुंपण करावे. तळाशी जाड काड्या घालाव्या, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर पाचोळ्याचा थर, त्यावर ओल्या कचऱ्याचा पातळ थर, त्यावर शेणकाला शिंपडून मूठमूठ माती, आणि पुन्हा पाचोळा, ह्या क्रमाने भरत जावे. मुलांना लक्षात राहावे असे प्रमाण म्हणजे ओल्याची एक बादली तर सुक्याच्या तीन बादल्या. ओलावा किती असावा ह्याची परीक्षा सोपी आहे. मूठभर कचरा घट्ट पिळावा. एकदोन थेंब आले तर योग्य, धार लागली तर जास्त, हात कोरडाच राहिला तर कमी.

खड्डा भरला की पंधरा दिवसांनी व पुढे महिन्या-महिन्याने तो उलथवावा. चांगल्या खड्ड्याच्या पोटात उष्णता साठ अंशांच्या जवळपास जाते. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव कचरा खात असतात, त्यांच्या श्वसनाची ती ऊब होय. तणाचे बी व पुष्कळसे रोगजंतू त्या उष्णतेने मरतात. लोखंडी सळई मध्यभागी खुपसून ठेवावी व काही वेळाने शिक्षकांनी स्वतः आधी हात लावून पाहून मग मुलांस लावू द्यावा. सामान्य विज्ञानाचा ह्याहून चांगला पाठ फळ्यावर होणार नाही. तीनचार महिन्यांनी खत काळसर व भुसभुशीत होते, आणि त्यास पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. ते चाळून परसबागेत घालावे.

आमचा पहिला खड्डा मात्र साफ फसला, हे मी कबूल करतो. जुलै महिन्यात आम्ही मोठ्या उत्साहाने आरंभ केला. उरलेली खिचडी, भाजीची साले, भिजलेले गवत सारे त्यात गेले. पाचोळा कोठून आणावा? पावसाळ्यात सुका पाचोळा नसतो. पंधरा दिवसांत त्याचा चिखल झाला, अळ्या पडल्या, आणि वाऱ्याची दिशा बदलली की वर्गात बसवेना. शेजारच्या घरची मंडळी तक्रार घेऊन आली व त्यांचे म्हणणे खरे होते. तो खड्डा बुजवून टाकताना मला आठवले की फाल्गुन-चैत्रात आवारातील लिंबाचा व पिंपळाचा पाचोळा आम्हीच झाडून पेटवून दिला होता. ओला कचरा पावसाळ्यात आणि सुका पाचोळा उन्हाळ्याच्या तोंडी, अशी ही निसर्गाची रीत आहे. म्हणून, बंधुभगिनींनो, पुढील वर्षीच्या खड्ड्याची तयारी मार्च महिन्यातच करावी लागते. पाचोळा जाळू नका. तो गोण्यांत भरून कोरड्या जागी रचून ठेवा. वीसपंचवीस गोण्या असल्या की पावसाळा निभावतो. दुसऱ्या वर्षी आम्ही असे केले, वर जुन्या पत्र्याचे झाकण ठेवले, आणि दुर्गंधीचे नावही राहिले नाही.

काही सावधगिरीच्या गोष्टी येथेच सांगून ठेवतो. तेलकट पदार्थ, मांस व हाडे खड्ड्यात घालू नयेत, त्यांनी कुत्री व उंदीर येतात. पाचोळ्याच्या ढिगात विंचू व साप असतात, म्हणून आधी मोठ्या माणसाने काठीने ढीग चाळवावा. काच, दाढीची पाती, औषधांच्या बाटल्या व विजेरीतील सेल ह्यांस मुलांनी हात लावू नये. खड्डा उलथविण्याचे काम लहान मुलांचे नव्हे, ते मोठ्यांनी करावे. काम संपल्यावर प्रत्येकाने साबणाने हात धुतल्याखेरीज वर्गात येऊ नये. आणि अन्नाच्या बाबतीत खड्डा ही शेवटची जागा आहे. पहिल्या वेळी थोडे वाढून घ्यावे व लागल्यास पुन्हा मागावे, ही सवय लागली की खरकटे आपोआप कमी होते.

बाजाराची वाट

सुक्या कचऱ्याविषयी थोडक्यात सांगतो. शाळेचा मुख्य सुका कचरा कागदाचा असतो. जुना कागद भिजवून त्याचा नवा कागद करता येतो. परंतु प्रत्येक वेळी त्यातील तंतू आखूड होत जातात, म्हणून ही क्रिया अनंत वेळा होऊ शकत नाही. ह्यावरून मुलांस समजावे की पाठकोऱ्या कागदावर आधी लिहावे, मग तो रद्दीत द्यावा. वर्ष संपल्यावर जुन्या वह्यांतील कोरी पाने काढून शिवलेली वही आमच्या मुलांना विकतच्या वहीपेक्षा अधिक प्रिय असे. धातूचे मात्र तसे नाही, तो कितीही वेळा वितळविता येतो. खनिजापासून नवे अॅल्युमिनियम काढण्यास जी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे पाच टक्के ऊर्जेत जुने अॅल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरता येते. पाण्याच्या बाटल्यांपासून तंतू काढून त्याचे कापड करतात. लिहून संपल्यावर फेकावयाच्या लेखणीपेक्षा रिफिल बदलता येणारी लेखणी घ्यावी.

वर्गात दोन गोण्या टांगाव्या, एक कागदासाठी व एक इतर वस्तूंसाठी. महिन्याअखेर तराजूने वजन करून भंगारवाल्यास द्याव्या व हिशेब फळ्यावर मुलांनी मांडावा. किलो व ग्रॅम, दर व रक्कम, मागील महिन्याशी तुलना, हे सारे गणित त्यात आले. आलेले पैसे कितीही थोडे असोत, त्यांचे काय करावे हे मुलांच्या सभेत ठरावे. भंगारवाल्याशी अदबीने बोलावे, हेही मुलांनी आपल्याकडे पाहूनच शिकावयाचे आहे. बाजाराची ही वाट त्याच्याच खांद्यावरून जाते.

एक विनंती कळकळीची. शनिवारी सकाळी कचऱ्याचा ढीग करून त्यास काडी लावण्याची पद्धत पुष्कळ शाळांत आढळते. कोणत्याही कारणाने ती चालू ठेवू नये. उघड्यावर जळणाऱ्या प्लास्टिकच्या धुरात विषारी द्रव्ये असतात, आणि तो धूर लहान मुलांच्याच छातीत जातो. शिवाय सबंध आठवडाभर वेगळे करावयास शिकविले ते एका काडीने व्यर्थ ठरते.

माझी चूक

आता जी गोष्ट सांगण्याचे मी प्रारंभी वचन दिले, तिच्याकडे वळतो.

शाळांतून शिजविलेली खिचडी मिळू लागली, त्यानंतरच्या काही वर्षांतील ही हकिगत आहे. आवार स्वच्छ राहत नसे. मी एक नियम केला. जो उशिरा येईल, गृहपाठ करणार नाही किंवा दंगा करील, त्याने त्या दिवशी आवार झाडावयाचे व कचरा उचलावयाचा. नियम उत्तम चालला असे मला वाटले. आवार स्वच्छ दिसू लागले. तपासणीस आलेल्या साहेबांनी शेरेबुकात कौतुकही लिहिले.

चौथीत एक मुलगा होता. घरचे काम करून येत असल्यामुळे त्यास रोजच उशीर होई, आणि म्हणून खराटा बहुतेक त्याच्याच हाती असे. एके दिवशी त्याचे वडील शाळेत आले. दाराबाहेरच उभे राहिले. मी आत बोलाविले तरी आले नाहीत. ते म्हणाले, “गुरुजी, माझ्या बापानं गाव झाडलं. मीबी झाडलं. पोराच्या हातात पाटी-पेन्सिल यावी म्हून त्याला तुमच्याकडं धाडलं. तुमीबी त्याच्या हातात खराटाच दिला.” एवढे बोलून, नमस्कार करून ते निघून गेले. आवाज चढविला नाही. चढविला असता तर मला उत्तर देता आले असते.

मी त्या मुलाची जात पाहून काम दिले नव्हते, असे मी त्या रात्री स्वतःस अनेकदा सांगितले. परंतु ज्या गावात एका समाजाच्या माथी पिढ्यान् पिढ्या झाडण्याचे काम लादले गेले, त्या गावात खराटा हा नुसता खराटा राहत नाही, हे मला कळावयास हवे होते. आणि बाकीच्या चाळीस मुलांस मी काय शिकवीत होतो? कचरा उचलणे ही अपराध्याची शिक्षा आहे, हेच ना? मग ज्याने अपराध केलेला नाही तो मुलगा वाकून कागद कशाला उचलील? न उचलणे हीच त्याच्या निरपराधीपणाची खूण झाली. मी सवय लावीत नव्हतो, उलट सवयीच्या मुळावरच घाव घालीत होतो.

ह्या संदर्भात मला कोकणातील आप्पासाहेब पटवर्धनांची आठवण होते. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेथे मैलासफाईचे काम विशिष्ट जातीच्या कैद्यांकडेच असे. ते काम मलाही द्या, अशी आप्पासाहेबांनी मागणी केली. ती नाकारण्यात आली, तेव्हा त्यांनी त्यासाठी अन्न सोडले. त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्या वर्षीच्या डिसेंबरात उपवास आरंभिला. पुढे १९४८ साली कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापून, मैल्यापासून खत करण्याचे काम आप्पासाहेबांनी स्वतःच्या हातांनी केले. जे काम आपल्यास मिळावे म्हणून एका विद्वान माणसाने उपवास केला, तेच काम मी मुलांना शिक्षा म्हणून देत होतो! गाडगेबाबांची गोष्ट आपण सर्व जाणताच. १८७६ ते १९५६ असे ऐंशी वर्षांचे आयुष्य त्यांस लाभले. कीर्तनाच्या गावी ते आधी खराटा घेऊन गाव झाडीत व मग कीर्तनास उभे राहत. आधी हात चाले व मग वाणी. आम्ही शिक्षक बहुधा उलट क्रमाने चालतो.

दुसऱ्या दिवसापासून मी तो नियम मोडला व मधल्या सुट्टीनंतर स्वतः खराटा घेतला. पहिल्या दिवशी मुले नुसती पाहत राहिली. तो मुलगा त्या दिवशी आलाच नव्हता. मी त्याच्या घरी गेलो, वडिलांची क्षमा मागितली. तो आठ दिवसांनी आला. पुढे हजेरीपटाच्या क्रमाने पाच-पाच मुलामुलींच्या तुकड्या केल्या. शिक्षकांची नावेही त्याच क्रमात घातली. मुलींनी झाडावे व मुलांनी ओझी वाहावी ही वाटणी काढून टाकली. काम दहा मिनिटांचे, सर्वांचे व सर्वांदेखत. शौचालये धुण्याचे काम कोणत्याही मुलाकडे ठेवले नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली आहे. परंतु कायदा नसता तरी ही गोष्ट आपणांस समजावयास हवी होती.

सवय केव्हा लागते

ह्या अनुभवावरून मी जो निष्कर्ष काढला तो असा. मुलाला कचऱ्याची चांगली सवय लागण्यास तीन गोष्टी लागतात. पहिली, वस्तू टाकण्याची जागा त्याच्या वाटेवर असावी. शंभर पावलांवरील टोपलीपर्यंत मोठी माणसेही जात नाहीत. दुसरी, टाकलेल्या वस्तूचे पुढे काय होते, हे त्यास डोळ्यांनी दिसावे. आमच्या परसबागेतील पहिली मेथी खिचडीत पडली, त्या दिवशी पहिलीची मुलेही आपल्या साली नेमाने खड्ड्याच्या टोपलीत टाकू लागली. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, ते काम मानाचे आहे हे त्यास आपल्या वागण्यावरून कळावे. ह्यांपैकी तिसरी नसेल तर पहिल्या दोन्ही फार दिवस टिकत नाहीत.

ह्याउलट एका दिवसाच्या समारंभाने सवय लागत नाही. फेरी काढली, घोषणा दिल्या, छायाचित्र काढले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंपणाशी पुड्या, असे आपण सर्वांनीच पाहिले आहे. २०००-०१ साली आपल्या राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा गावोगाव लोकांनी अपूर्व काम केले. परंतु जेथे बक्षिसासाठी काम झाले तेथे बक्षिसाबरोबर ते संपले, आणि जेथे रोजची रीत पडली तेथे ते राहिले. शाळेचेही तसेच आहे. स्पर्धा घ्यावयाचीच तर वर्गावर्गांत नको. मागील महिन्याच्या आपल्याच आकड्यांशी घ्यावी.

आणखी एक गोष्ट. सवय शाळेच्या फाटकापाशी थांबली तर ती अपुरी आहे. पण मुलास घरी जाऊन उपदेश करावयास सांगू नये, कोणत्याही आईबापांस ते रुचत नाही. त्याच्या हाती शाळेच्या खताची एक पाटी द्यावी व घरच्या आळ्यात घालावयास सांगावे. पुढचे प्रश्न घरचीच माणसे विचारतात.

बंधुभगिनींनो, आपणांवर कामांचा भार किती आहे, हे मी जाणतो. एका शिक्षकाने चार वर्ग सांभाळून आणखी खड्डाही सांभाळावा, असे सांगताना मला संकोच वाटतो. म्हणून मी आपणांस उद्या खड्डा खणा असे म्हणत नाही. उद्या एवढेच करा. मधली सुट्टी संपली की कोणासही काही न सांगता आवारातील पहिला कागद आपण स्वतः वाकून उचला. ज्या शाळेत खराटा शिक्षा म्हणून दिला जात असेल, तेथे ती शिक्षा उद्यापासून बंद करा. खड्ड्यास मार्च महिन्यातील पाचोळ्यापासून आरंभ करता येईल.